हिरव्याला शिवून ये

मला गाता येत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढं जे काही झालं ते माझ्या गाण्यामुळं झालं. घरात गळा होता तो वडिलांना. हदगावच्या जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलताना ते गायचे आणि बाकीचे हमाल त्या लयीवर पाऊल टाकायचे. मी त्यांची मुलगी, घरातली पहिली बी.ए. नांदेडच्या वसतिगृहात राहून शिकले. ज्या सरांनी माझं नाव तिथं घालायला वडिलांना भाग पाडलं, ज्या मैत्रिणींनी वर्षभर पुस्तकं वापरू दिली, त्यांची मी आजही ऋणी आहे. गळा मात्र कुणी देऊ शकलं नाही.

नोकरी मिळाली ती बालवाडीची, तीही शेजारच्या जिल्ह्यात. गल्लीतल्या बायका आईला म्हणाल्या, "बी.ए. करून पोरगी शेंबडं पुसायला चालली व्हय?"

आई म्हणाली, "पुसू द्या की. आमची कुणी पुसली न्हाईत."

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. जळकोटला अजून तालुक्याचा मान मिळायचा होता. माझं गाव जळकोटच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. कालपर्यंत तिथले लोक कामाला उस्मानाबादला जायचे, आता लातूरला जाऊ लागले. जिल्हा जवळ आला म्हणून सगळ्यांना आनंद होता आणि पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता म्हणून त्या आनंदाचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. विहिरींनी तळ गाठला होता. पाणी टँकरचं. टँकर कधी यायचा, कधी नुसतीच बातमी यायची.

बालवाडीला जागा नव्हती. गावात एका अडत्याचं गोदाम रिकामं पडलं होतं. पीकच नाही तर त्यात भरणार काय? सरपंचांनी शब्द टाकला आणि अडत्यांनी किल्ली दिली. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं; गावातलं किराणा दुकानही त्यांचंच. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मऊ, माणूस कुणाला टाकून बोलणारा नव्हता. गोदामाला दोन दारं होती. एक रस्त्याकडं, एक त्यांच्या अंगणाकडं. अंगणाकडचं दार कायम बंद असायचं. ते माझ्यासाठी बंद आहे असं कुणी सांगितलं नाही, मला कळलं. मी बौद्धवाड्यात एक खोली घेऊन राहत होते. दुसरीकडं मिळाली नसती आणि मी विचारलंही नाही.

मुलं सगळ्या गल्ल्यांतून यायची. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची, हे त्याचं पहिलं कारण. पण पहिल्याच दिवशी ती दोन गठ्ठ्यांत बसली. बौद्धवाड्यातली दाराजवळ, बाकीची भिंतीकडं. मी म्हटलं, गोल करा. त्यांनी दोन गोल केले.

रंग शिकवायला जिल्ह्याकडून एक तक्ता आला होता. त्यात लाल म्हणून सफरचंद, हिरवा म्हणून द्राक्षं आणि निळा म्हणून समुद्र. मी तक्ता उघडून धरला, तर एका मुलानं समुद्रावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणाचं शेत हाय?" तक्ता गुंडाळून ठेवला. बाहेर रानात दाखवावं म्हटलं तर सगळं एकाच रंगाचं. लिंबाचे डहाळेसुद्धा शेळ्यांसाठी छाटून नेलेले, नुसती खोडं उभी. मग मुलांकडं पाहिलं. रंग त्यांच्या अंगावर होते. विटलेले, ठिगळ लावलेले, पण होते.

गोडेतेलाचा रिकामा डबा घेतला, एक काठी घेतली आणि गाणं जुळवलं. जुळवलं म्हणजे काय, तोंडात आलं ते म्हटलं.

डब डब डबा,
कशाला उभा?
पळ पळ पळ
रंगाजवळ!

मग मुलांनी ओरडायचं, "रंग सांगा बाई, करा करा घाई!" आणि मी म्हणायचं, "पिवळा!" की सगळ्यांनी धावत जाऊन ज्याच्या अंगावर पिवळं असेल त्याला शिवायचं. डबा थांबेपर्यंत जो शिवला नाही तो बाद. ज्याच्या अंगावर रंग असेल त्यानं हलायचं नाही, झाड व्हायचं. एवढाच खेळ. माझा आवाज फाटका होता, पण डब्याचा त्याहून फाटका, त्यामुळं चालून जायचं.

लाल शोधायला वेळ लागायचा नाही. पांढरा तर ढिगानं. हिरवा मात्र एकीच्याच अंगावर होता. बौद्धवाड्यातली चार-साडेचार वर्षांची पोरगी, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहणारी, बोलणं जवळजवळ नाहीच. तिच्या आईनं जुन्या पोपटी पातळाचा फ्रॉक हातानं शिवून दिला होता. बाह्या एकसारख्या नव्हत्या. पण रंग असा की गोदामाच्या अंधारातही तीच आधी दिसावी.

मी पहिल्यांदा "हिरवा!" म्हटलं तेव्हा सगळी मुलं थबकली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग अप्पांची नात धावली आणि तिच्यामागं सगळी. पोरगी चौकटीला चिकटली. वीसेक हात एकदम अंगावर आले तर कुणीही घाबरेल. पण ते हात मारत नव्हते, ढकलत नव्हते. कुणी बाही धरली, कुणी घेर. थोड्या वेळानं त्या घोळक्यातून हसण्याचा आवाज आला आणि तो तिचा होता. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी गोल करा म्हटल्यावर एकच गोल झाला.

त्यानंतर मुलांना हिरव्याचं वेडच लागलं. मी गाणं सुरू करायच्या आत ओरडा, "हिरवा! बाई, हिरवा!" दुसरा रंग सांगितला की तोंडं पडायची. मला वाटलं, खेळ जमला, मुलांना रंगाची गोडी लागली. उदगीरहून तपासणीला येणाऱ्या पर्यवेक्षिकाबाईंना मी तसं सांगितलंही.

मग एका सकाळी मी सहज अप्पांच्या नातीला विचारलं, "रोज हिरवाच का गं? लाल का नको?"

ती म्हणाली, "लालाला शिवलं की पाणी न्हाई मिळत."

"कसलं पाणी?"

"हिरव्याला शिवून घरी गेलं की आमची अव्वा अंगावर पाणी टाकती. तांब्या भरून. डोक्यावरून!" अव्वा म्हणजे अप्पांची आई, तिची पणजी.

तेवढ्यात दुसरी म्हणाली, "आमच्यात बी! आमची आई रांजणातलं टाकती. लई गार!"

"मी तर दोनदा शिवलो," एक मुलगा कुरकुरला, "पण आईनं एकदाच टाकलं."

मग सगळीच सांगू लागली. कुणाच्या घरी अंगणात, कुणाच्या मोरीत, कुणाची आजी पाणी टाकताना पुटपुटते. आंघोळ बंद झालेल्या त्या उन्हाळ्यात डोक्यावरून तांब्याभर पाणी मिळणं म्हणजे चैन होती. विटाळ काय असतो ते त्या पोरांना माहीत नव्हतं. हिरव्याला शिवलं की बक्षीस मिळतं, एवढं त्यांना कळलं होतं, म्हणून ती जीव खाऊन धावत होती.

हिरव्या फ्रॉकवाली हे सगळं ऐकत होती. सगळ्यांचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "बाई, मला कोन टाकनार?"

अप्पांच्या नातीला लगेच सुचलं. ती म्हणाली, "तू तुलाच शिव की!"

तिनं स्वतःच्या फ्रॉकला हात लावला आणि वाट बघत उभी राहिली.

मी डबा उचलला आणि "पांढरा!" म्हटलं. गाणं न म्हणताच. मुलांना वाटलं मी गंमत करतेय. सगळी हसली.

शाळेत असताना मला पाणी वरून ओंजळीत वाढलेलं होतं, भांड्याला भांडं लागू न देता. ते मी विसरले नव्हते, पण माझ्या काळातच ते सोडून आले असं धरून चालले होते. आता माझ्याच खेळातून ते रोज दुपारी घरोघरी ओतलं जात होतं आणि मी वरून डबा वाजवत होते. मला रडू आलं नाही. राग आला आणि तो राग मला बरा वाटला.

चारच दिवसांत अंगणाकडचं दार पहिल्यांदा उघडलं. मुलं घरी गेली होती. अप्पा उंबऱ्यावर उभे राहिले, मागं अंगणात बाजेवर अव्वा बसल्या होत्या.

"बाई, एक विनंती होती," अप्पा म्हणाले. "तो खेळ जरा बदलता का?"

"कोणता?"

"तो... हिरव्याचा."

अव्वा मागून कडाडल्या, "सरळ सांग की रे! टँकर आला की सुनांनी भांडून घागर आणायची आन् ह्यांच्या खेळापायी वतायची. आमी वाटी-वाटीनं पितो आन् पोरगी रोज भिजती."

"मग ओतू नका, अव्वा," मी म्हणाले.

"काय म्हणली ही?"

"ओतू नका म्हटलं. पाणी वाचेल."

अव्वांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "लई शिकल्याली दिसतीस."

"हो. बी.ए. झालेय."

अप्पांनी हात वर केला, आधी आईला आणि मग मला थांबवायला. "हे बघा बाई, मी जुन्या चालीचा माणूस न्हाई. गोदाम दिलं का न्हाई तुम्हाला? त्या पोरीला येऊ नको म्हणलं का कधी? पण घरात म्हातारं माणूस हाय, त्यांची समजूत कशी काढायची? तुम्हाला रंगच शिकवायचे ना? मी दुकानातून पतंगाचे कागद देतो. लाल, पिवळा, हिरवा, पाहिजे तो. भिंतीला चिकटवा. पोरं कागदाला शिवतील. रंग बी आला, खेळ बी झाला, कुणाचं मन बी दुखलं न्हाई."

मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. कागदाचं म्हणणं शहाणपणाचं वाटत होतं, म्हणूनच ते ऐकताना मला भीती वाटली. मी म्हणाले, उद्या सांगते.

"आन् कागद नको असले तर तिच्या आईला म्हणा, दुसरा फ्रॉक घालून पाठव," जाता जाता अप्पा म्हणाले. "तेवढ्यानं बी भागंल."

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिकाबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या चांगल्या होत्या, मला सांभाळून घेणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कागद घ्या. आधी जागा टिकवा. जागा राहिली तर मुलं राहतील. मुलं राहिली तर बाकीचं हळूहळू होईल."

"हळूहळू म्हणजे कधी, बाई?"

"ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. पण या उन्हात मुलं कुठं बसवणार ते तरी सांगा."

त्यांची गाडी निघायची वेळ झाली होती. जाताना म्हणाल्या, "मी तुम्हाला आदेश देत नाही. सल्ला देतेय." त्यांनी आदेश दिला नाही याचे मी मनातल्या मनात आभार मानले, कारण सल्ला मोडता येतो.

संध्याकाळी त्या पोरीची आई माझ्या खोलीवर आली. बांधावरच्या कामावरून थेट आली होती, हाता-पायांवर मुरमाची धूळ. गावात काय बोललं जातंय ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. पोरगी सोबत होती. तिच्या अंगात भावाचा राखाडी सदरा होता, गुडघ्याच्या खाली येणारा.

"फ्रॉक कुठंय?" मी विचारलं.

"ठिवला पेटीत. बाई, आमच्यापायी तुमची जागा जाईल. समद्या पोरांची सुकडी जाईल. मी तिला ह्याच्यातच पाठवते."

"नका पाठवू ह्यात."

"तुमचं काय, तुमची बदली हुईल, तुम्ही जाल. आमाला हितंच ऱ्हायचंय. त्याच दुकानातून मीठ आणायचंय."

ते खरं होतं. माझी बी.ए.ची पदवी तिच्या मिठाच्या पुडीपुढं काही कामाची नव्हती. पोरगी माझ्या डब्यावर बोटांनी टकटक करत होती. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं करू. फक्त एक सांगा. फ्रॉक का काढला म्हणून हिनं विचारलं असेल. काय सांगितलंत?"

"मळला म्हणलं."

"मळलाय?"

तिनं खाली बघितलं, लेकीच्या अंगावरल्या सदऱ्याकडं.

"न्हाई," ती म्हणाली. आणि मग जोरात, जणू मीच तिच्यावर आळ घेतला होता, "न्हाई मळला. माझ्या हातानं शिवलाय मी. दिवसभर मुरूम वाहून आल्यावर शिवलाय. मळंल कशानं?"

ती उठली, लेकीला काखेत मारलं आणि गेली. काय ठरलं ते बोललीच नाही.

सकाळी मी अप्पांच्या दुकानात जाऊन किल्ली त्यांच्या हातात दिली. इतके दिवस सावली दिल्याबद्दल आभार मानले आणि ते मनापासून मानले.

"उन्हात बसवणार पोरांना?" त्यांनी विचारलं.

"लवकर बसवेन. ऊन चढायच्या आत सोडेन."

"कोण येणार तिथं?"

"बघू की, अप्पा."

"कागद दिले असते मी," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मी डबा काखेत मारला आणि शाळेमागच्या मोकळ्या मैदानाकडं चालू लागले.

मैदानात आधी बौद्धवाड्यातली मुलं आली. हिरवा फ्रॉक घालून ती आईसोबत आली. आई कामावर जायच्या आधी तिला माझ्यासमोर उभी करून गेली. बाकीच्या गल्ल्यांतून कुणी दिसेना. मी डबा बडवायला लागले. असा बडवला की पत्र्याला पोचे पडले. मला गाता येत नाही हे त्या दिवशी सगळ्या गावाला कळलं असेल. डब डब डबा, कशाला उभा! माझा आवाज चिरकत होता, मी थांबले नाही. वडील गठ्ठा उचलताना थांबत नसत.

हळूहळू घरांच्या कोपऱ्यांवर पोरं दिसू लागली. एक आलं. दोघं आली. एकाला त्याच्या आजीनं दंड धरून परत नेलं, ते पोरगं मागं वळून वळून बघत गेलं. त्यातली काही पुढंही कधी आली नाहीत. सगळी आली असं मी लिहिणार नाही. पण अप्पांची नात आली. एक वेणी घातलेली, एक सुटी, मधूनच उठून पळालेली. तिची आई डोक्यावरचा पदर सावरत गल्लीच्या तोंडाशी आली, आमच्याकडं बघितलं, हाक मारली नाही आणि परत गेली.

"रंग सांगा बाई, करा करा घाई!"

"हिरवा!" मी म्हटलं. मुद्दाम तोच म्हटला. दुसऱ्या दिवशीही तोच, तिसऱ्याही. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघावं म्हणून रस्त्याच्या बाजूला गोल केला. पर्यवेक्षिकाबाई आल्या, उन्हातच उभ्या राहिल्या, कपाळाला हात लावला. पण सुकडीची पोती माझ्या खोलीत ठेवायला त्यांनी लेखी परवानगी दिली.

मग एका सकाळी अप्पांची नात तोंड फुगवून बसली. "हिरवा!" म्हटलं तर जागची हलेना.

"काय झालं गं?"

"पाणीच टाकलं न्हाई. काल बी न्हाई, परवा बी न्हाई. अव्वा म्हणली, तू आता रोजच शिवतीस, मी रोज कुठून आणू?"

"आमच्यात बी बंद झालं," दुसरी म्हणाली. सगळी नाराज होती. एका पोराला तर वाटत होतं, आपण नीट शिवत नाही म्हणून बंद झालं.

दुष्काळानं माणसं जवळ आणली, असं त्या वर्षांबद्दल नंतर पुष्कळांनी मला ऐकवलं. मी ते मान्य करत नाही. दुष्काळानं फक्त पाणी संपवलं. अव्वांचं मन बदललं का, ते मी कधी विचारायला गेले नाही. मला मन बदलून नकोच होतं. पोरांनी हात मागं घ्यायचा नाही, एवढंच हवं होतं आणि तो हात पोरांनी घेतला नाही. त्याचं श्रेय मी टँकरला देणार नाही.

"मग आता लाल घ्या, बाई," अप्पांची नात म्हणाली. हिरव्यात आता तिला काही राहिलं नव्हतं.

मी डबा उचलला, गाणं म्हटलं आणि "लाल!" म्हणाले. पोरं सुटली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिरव्या फ्रॉकवाली आतापर्यंत कधी धावलीच नव्हती. हिरवा म्हटलं की तिनं झाड व्हायचं आणि बाकीच्यांनी यायचं; गोदामात दुसरा रंग आला तरी ती चौकटीलाच टेकून असायची. आज ती चार पावलं टाकून थांबली. चौकट नव्हती, टेकायला काही नव्हतं. तिनं मैदानभर नजर फिरवली. पोरं कमी झाल्यानं लालही आता थोडाच होता, एकाच्या चड्डीवर, एकीच्या परकराच्या काठाला आणि अप्पांच्या नातीच्या वेणीत नवी कोरी रिबीन.

ती धावली. अप्पांच्या नातीच्या अगदी नाकासमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या रिबिनीला हात लावला. अप्पांची नात झाड झाली होती, नियमाप्रमाणे हलायचं नव्हतं, ती हलली नाही. रस्त्यावरून कामाला जाणाऱ्या दोन बायका थांबल्या होत्या.

डबा थांबवायची वेळ झाली होती. मी थांबवला नाही. वाजवत राहिले, तिचा हात रिबिनीवर होता तोवर.